जंप दिला की लगेच सुरू होते, मग दोष बॅटरीचा की आणखी कुणाचा?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गाडीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. सहा वर्षांची पेट्रोल गाडी, गिअर हाताचे. बॅटरी चौदा महिन्यांपूर्वी नवीन टाकलेली. गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ मारला की ते मंदावतात आणि बॉनेटखालून टकटकटकटक असा भराभर आवाज येतो. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला की पहिल्या सेल्फला सुरू. मग वीस मिनिटं फिरवून आणता, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) बदला. खरं कोण बोलतंय, हा तुमचा प्रश्न.

दोघांपैकी कुणी मीटर लावल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे आलेलं नाही. तेव्हा दोघेही अंदाज सांगतायत. अंदाज बरोबर निघूही शकतो, पण चुकला तर नवीन वस्तू बसवूनही दोन आठवड्यांनी तुम्ही आहात तिथेच असाल. पंचवीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी ‘बॅटरी बदलून द्या’ म्हणत आलं तरी मी आधी विचारतो, आधीची कशानं गेली? चौदा महिने हे काही बॅटरीचं मरायचं वय नाही. साधारण तीन ते पाच वर्षं चालायला हवी. फार उष्णतेत राहिली तर कमी.

आवाजावरून निम्मं काम होतं, म्हणून तिथून सुरुवात. भराभर टकटक म्हणजे सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, सोलेनॉइडला (तिला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढून घ्यायला पुरेल एवढा करंट मिळतोय, पण तो आत ओढला गेला की मोटर शंभर-दोनशे अँपिअर मागते, त्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढतो. सेकंदाला पाच-सात वेळा हा खेळ चालतो. याचा अर्थ एकच, करंट कमी पडतोय. बॅटरी उतरलेली, किंवा बॅटरी आणि सेल्फ यांच्यामध्ये कुठेतरी जोड सैल. एकदाच जोरात ‘टक्’ होऊन शांतता, आणि दिवे मात्र लख्ख, असं असतं तर मी सेल्फ उघडायला सांगितला असता. काहीच आवाज नाही आणि दिवे ठीक, तर इग्निशन स्विच, रिले, क्लचखालचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअर लिव्हरचा स्विच. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा विषय तिथेच संपला. पेट्रोल, स्पार्क, क्रँक सेन्सर नाहीतर इमोबिलायझर बघायचा. तुमची तक्रार पहिल्या प्रकारची आहे, तेव्हा बाकीचं सोडून देऊ.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी, दार उघडण्याआधी शक्य असेल तर उत्तमच, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. टर्मिनलवर म्हणजे शिशाच्या खुंटीवर, तिच्यावर बसणाऱ्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. का ते पुढे सांगतो. 12.6 किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण. 12.2 म्हणजे निम्मी. 12.0 च्या खाली आली की जवळजवळ रिकामी. आकडे जवळजवळ आहेत, म्हणून ‘बारा दाखवतोय, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी ठीक आहे’ या समजुतीत भलेभले फसतात. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक भरलेला सेल सुमारे 2.1 व्होल्टचा. सहाही भरलेले असले की बेरीज 12.6 होते. भरपूर चार्ज करूनही मीटर 10.5 च्या आसपास अडकून राहिला तर एक सेल मेलेला आहे, तिथे वाद नाही.

एक खबरदारी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल तर मीटर 12.9-13 दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग बघा. रात्रभर थांबलात तर जास्त खरं.

तुमच्या बाबतीत सकाळचा आकडा 12 च्या आसपास येईल असा माझा कयास आहे. पण बॅटरी उतरलेली आहे एवढंच त्यातून कळतं, कुणी उतरवली ते कळत नाही. संशयित चार आहेत: बॅटरी स्वतःच चार्ज धरत नाही, अल्टरनेटर पुरेसं भरत नाही, गाडी उभी असताना काहीतरी करंट खातंय, किंवा तुम्ही गाडी वापरताच इतकी कमी की भरायला वेळच मिळत नाही. आणि खरी गोची ही की यातले दोन-तीन एकत्रही असतात.

त्यातला वापर आधी संपवू, कारण हिशेब सोपा आहे. सेल्फ मारताना करंट प्रचंड जातो, पण क्षणभरच. 150 अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक दशांश अँपिअर-तासही (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास) होत नाही. अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो. पण 45 अँपिअर-तासांची बॅटरी तळाला गेली असेल तर तिला पस्तीस-चाळीस अँपिअर-तास परत हवे असतात. वीस मिनिटांत, गर्दीत थांबत, एसी आणि दिवे लावून, तिला पाच-सात मिळाले तरी पुष्कळ. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी भरत येते तशी करंट घ्यायचा वेग कमी करते. शेवटच्या पाचव्या हिश्शाला तासन्‌तास लागतात. तेव्हा ‘फिरवून आणली, चार्ज झाली असेल’ हे मनातून काढून टाका. जंप दिल्यापासून तुमची बॅटरी बहुधा कधीच पूर्ण भरलेली नाही. आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीची तपासणी करणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून तो अशक्त आहे म्हणण्यासारखं.

म्हणून पहिलं काम, चार्जरनं पूर्ण चार्ज. क्षमतेच्या दहा टक्के करंट हा जुना नियम अजून चालतो, म्हणजे 45 च्या बॅटरीला चार-साडेचार अँपिअर, दहा-बारा तास. ऑटोमॅटिक चार्जर असेल तर तो स्वतःच थांबतो. हवा खेळती असलेल्या जागी करा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. वर झाकणं असतील तर पाण्याची पातळी बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला आणि बाकीचं खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर मुळीच नाही.

आता सगळ्यात स्वस्त आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा. पूर्ण चार्ज झाल्यावर निगेटिव्हचा क्लॅम्प काढून बाजूला ठेवा आणि बॅटरीला तशीच दोन दिवस सोडा. पहिल्या रात्रीनंतर आकडा लिहून ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा. गाडीशी संबंधच तोडलाय, त्यामुळे आता उतरली तर दोष तिचाच. 12.6 वरून 12.3-12.2 वर आली तर बॅटरीचा चार्ज आतल्या आत गळतोय, बदला. 12.6 ची 12.6 राहिली, आणि जोडून ठेवल्यावर मात्र दोन दिवसांत उतरते, तर चोर गाडीत आहे. तुमच्या दोन मेकॅनिकांच्या वादाचा निम्मा निकाल इथेच लागतो, आणि त्याला हत्यार म्हणून फक्त दहाचा पाना लागतो. (काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडू नये म्हणून. आणि हातातली अंगठी काढा. पाना आणि बॉडी यांच्यात सापडलेल्या अंगठीनं भाजलेलं बोट मी पाहिलंय.) त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि चावी किंवा सामान डिकीत अडकवून ठेवू नका, काही डिक्या बॅटरीशिवाय उघडत नाहीत.

बॅटरी टिकून राहिली तरी ती जोर लावू शकते का, हे वेगळं बघावं लागतं. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. भरलेली, धडधाकट बॅटरी सेल्फ फिरताना साधारण 10 व्होल्टच्या वर राहते. 9.6 च्या खाली घसरली तर शंका घ्या. फार थंडी असेल तर थोडी सवलत द्या.

पण एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा सेल्फ मी बदलला. नेमकी अशीच टकटक होती, बॅटरी 12.6 होती, म्हटलं सेल्फच. नवीन सेल्फवर चारेक दिवस गाडी चालली आणि पुन्हा बंद. तेव्हा उस्तादांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावायला लावली आणि सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर जवळजवळ 3 व्होल्ट. म्हणजे बॅटरीच्या बारातले तीन अर्थिंगच्या पट्टीतच जळत होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ती विणलेली पट्टी वरून चांगली दिसत होती, बोल्टाखाली मात्र कुजली होती. ॲक्सिलरेटर केबलनं ओढला जायचा अशा जुन्या गाड्यांत तर असा करंट कधी त्या केबलमधून वाट काढायचा आणि केबल हाताला गरम लागायची. तो सेल्फ मी माझ्या खिशातून परत घेतला.

तेव्हा सेल्फ फिरत असताना ही मापं घ्या: निगेटिव्ह खुंटी ते इंजिन, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त नको. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, 0.5 च्या आत. खुंटी ते तिच्यावरचाच क्लॅम्प, जवळजवळ शून्य. मघाशी खुंटीवर मोजा म्हटलं ते यासाठी. खुंटी आणि क्लॅम्पमध्ये पांढरा-हिरवट क्षार साचला की बॅटरी भरलेली असूनही करंट पलीकडे जात नाही, आणि अल्टरनेटरचा चार्जही अलीकडे येत नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, घासून शिसं चमकवा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. हातानं हलणारा क्लॅम्प हे इतकं क्षुल्लक कारण आहे की ते शोधायला कुणी वाकतच नाही.

अल्टरनेटरचं मोजमाप त्या मानानं सोपं. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 ते 14.5. दिवे, एसी, मागची काच तापवणारी तार असं सगळं लावून इंजिन जरा वाढवलं तरी 13.5 च्या आसपास टिकायला हवं. 15 च्या बरंच वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळतोय. नव्या गाड्यांत मात्र चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, कधी 12.8, कधी 14.8 असं खालीवर होतं, तेव्हा एकाच आकड्यावरून त्याला फाशी देऊ नका. आणि कुणी ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढ, बंद पडली तर अल्टरनेटर खराब’ असं सांगितलं तर त्याला हात लावू देऊ नका. बॅटरी हटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. डायनामोच्या जमान्यात लोक हे करायचे, पण तेव्हा गाडीत जळायला कॉम्प्युटरच नव्हता.

तुमच्या माहितीवरून माझा सगळ्यात जास्त संशय आहे तो उभ्या गाडीत होणाऱ्या करंटच्या गळतीवर. सुरू झाल्यावर गाडी व्यवस्थित चालते, चार्जिंगचा दिवा लागल्याचं तुम्ही म्हणत नाही, उभी राहिली की मरते. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांना थोडा करंट लागतोच. 50 मिलिअँपिअरपर्यंत मी काही बोलत नाही. त्या हिशेबानं दिवसाला 1.2 अँपिअर-तास, भरलेली बॅटरी दोन-अडीच आठवडे निम्म्याच्या वर राहील. पण अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला 12, दोन दिवसांत 24. तुमची कहाणी इथे बरोबर बसते. अर्धा अँपिअर म्हणजे किती? डिकीतला पाच वॅटचा एक बल्ब जवळजवळ तेवढा खातो.

हे उदाहरण उगाच दिलं नाही. एका गाडीच्या दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या. मी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटभरानं काढला. पूर्ण मिनिट लख्ख उजेड. डिकीचा स्विच वाकला होता. तुम्हीही डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स असेच बघा, मीटर हातात घेण्याआधी. मग नंतर बसवलेल्या वस्तू: डॅशकॅम, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम, अलार्म, चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या सॉकेटमधला चार्जर. चौदा महिन्यांच्या आसपास यातलं काही बसवलं असेल तर ते आधी काढा.

सापडलं नाही तर मोजावं लागेल. निगेटिव्ह क्लॅम्प काढून खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर, 10 च्या सॉकेटमध्ये पिन घालून लावा. बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून ‘बंद’ करून ठेवा, म्हणजे उघडी असूनही गाडीला ती लागलेली वाटतील, चावी लांब न्या, आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. लगेच बघितलं तर दोन-तीन अँपिअर दिसतील आणि तुम्ही घाबराल. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, दारही उघडू नका, मीटरचा फ्यूज उडेल. झोपल्यावरही 50 मिलिअँपिअरच्या बरंच वर राहिलं तर फ्यूज एकेक काढून कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते बघतात. मी स्वतः फ्यूज काढत नाही, कारण परत घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास जातो. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजतो. जिथे शून्य नाही तिथून करंट वाहतोय.

सगळे फ्यूज निर्दोष आणि तरीही गळती? मग अल्टरनेटरची जाड वायर. आतला एखादा डायोड (करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) फुटला की अल्टरनेटर दिवसा भरतो आणि रात्री तोच पितो. मीटरवर 14.2 येतात, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर एसी (दिशा बदलणाऱ्या करंटच्या) व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायोड तपासून घ्या. असं निघालं तर तुमचा दुसरा मेकॅनिक बरोबर ठरेल. पहिलाही कदाचित ठरेल, कारण वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती कायमची दुबळी होते. म्हणजे तुमची बॅटरी आज खरंच बाद निघू शकते, पण तिला बाद करणारा सापडेपर्यंत नवीन टाकू नका.

तोवर जंपची वेळ आली तर क्रम पाळा: लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्याच्या निगेटिव्हला, आणि शेवटची काळी तुमच्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट. शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच, ती हायड्रोजनपाशी उडू नये एवढ्यासाठी. गोठलेल्या, फुगलेल्या किंवा तडकलेल्या बॅटरीला जंप देऊ नका.

आणि बदलायचीच ठरली तर अँपिअर-तास आणि सीसीए मूळच्यापेक्षा कमी नको. सीसीए म्हणजे उणे 18 अंशांच्या थंडीत ती किती करंट देऊ शकते तो आकडा. तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीचे बॅटरीचे खास प्रकार), जी मुळात होती तीच. तिथे चौदा महिन्यांपूर्वी कुणी साधी बॅटरी बसवली असेल, तर एवढं सगळं वाचण्याआधी तेच बघायला हवं होतं. लेबल वाचून सांगा, आणि सोबत तीन आकडे: रात्रभर उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा, इंजिन चालू असतानाचा. मग पुढचं बोलू.